पुरेशा

अस्थिमज्जेची काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली की आधी दहाचं भिंग. शंभराचं, तेलातलं भिंग नंतर. चोवीस वर्षं झाली, कितीही घाई असली तरी हा क्रम मी मोडलेला नाही. क्रम पाळूनही एक चूक हातून झाली. तिच्याबद्दल लिहायचं म्हणूनच आज बसले आहे, पण आधी ती पेशी नीट दाखवायला हवी.

दहाच्या भिंगाखाली मज्जेतल्या बाकीच्या पेशी म्हणजे नुसती जांभळट वाळू. त्या वाळूत, बहुतेक वेळा मज्जेच्या कणाच्या काठाशी, मध्येच एखादी प्रचंड पेशी ऐसपैस बसलेली दिसते. रक्तातली तांबडी पेशी ७-८ मायक्रॉनची असते. ही ५० मायक्रॉनची, कधी १००चीही. मज्जेतल्या हजार पेशींत जेमतेम एक, पुष्कळदा तीही नाही. हिचं नाव मेगॅकॅरिओसाइट. मोठ्या केंद्रकाची पेशी, एवढाच त्या ग्रीक नावाचा अर्थ. ते नाव १८९० साली हॉवेलने दिलं.

मी सांगलीची. इथे फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद निघते तेव्हा शेतातून उपटलेला कंद ज्यांनी हातात धरला असेल, त्यांना या पेशीचं केंद्रक मला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मध्ये जेठा गड्डा, त्याला बिलगलेले बगल गड्डे, आणि त्यांतून चहूकडे फुटलेली हळकुंडं. बाहेरून दहा तुकडे वाटतात, पण सगळं एकाच कंदाचं. निरोगी मेगॅकॅरिओसाइटचं केंद्रक असंच असतं. बाकीच्या पेशी गुणसूत्रं दुप्पट झाली की दुभंगतात, एकीच्या दोन होतात. ही दुभंगत नाही. दुप्पट होते आणि तशीच राहते, परत दुप्पट होते आणि परत तशीच राहते. आपल्या साध्या पेशीत गुणसूत्रांचे २ संच असतात. हिच्यात बहुधा १६, कधी ३२, क्वचित ६४.

एवढं वाढून ही काय करते, तर मज्जेतल्या बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीला टेकते आणि त्या भिंतीतून स्वतःचे लांब लांब हात आत वाहत्या रक्तात सोडते. माळेसारखे, मण्यामण्यांचे. रक्ताच्या ओढीने ते तुटतात, आणि तुटलेला एकेक तुकडा म्हणजे एकेक प्लेटलेट. शाळेच्या पुस्तकात जिला रक्तपट्टिका म्हणतात ती. एका पेशीतून हजार ते तीन हजार. असं करता करता पेशीचं सगळं अंग संपतं, मागे नुसतं उघडं केंद्रक उरतं आणि तेही शेजारच्या सफाईच्या पेशी खाऊन टाकतात. आपल्या शरीरात रोज साधारण शंभर अब्ज प्लेटलेट अशा तयार होतात आणि आठ-दहा दिवसांत संपतात. म्हणजे ही पेशी स्वतःला वाटून टाकते. इतकी वर्षं बघूनही या गोष्टीची मला सवय झालेली नाही.

हे नातं उमगायलाही वेळ लागला. इटलीत बिझोझेरोने १८८२ साली प्लेटलेट ओळखल्या, त्या रक्त थांबवतात हेही दाखवलं. मज्जेतल्या मोठ्या पेशी त्याने त्याआधीच पाहिलेल्या होत्या, पण त्या दोन गोष्टी त्याच्या मनात एकमेकींना भेटल्या नाहीत. १९०६ साली बॉस्टनमध्ये जेम्स होमर राइट याने स्वतः बनवलेल्या रंगाने काचा रंगवल्या, तेव्हा मोठ्या पेशीच्या अंगातले जांभळे दाणे आणि प्लेटलेटमधले दाणे एकाच छटेचे निघाले. रंगाने आई आणि लेकरं ओळखू आली. आमच्याकडे लिशमनचा रंग वापरतात, तोही त्याच घराण्यातला. बेसिनवर काच धुताना निळसर पाणी वाहून जातं तेव्हा मला अजूनही हा राइट आठवतो.

पावसाळा सुरू झाला की आमच्या लॅबमध्ये एकच प्रश्न ऐकू येतो. “पेशी किती आल्या?” डेंग्यूच्या दिवसांत आमच्या भागातली माणसं प्लेटलेटना सरसकट ‘पांढऱ्या पेशी’ म्हणतात. मी पहिली काही वर्षं ते दुरुस्त करत बसायचे, आता करत नाही. ज्याचा मुलगा तापाने फणफणलाय त्याला शब्द शिकवायची ती वेळ नसते. पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचं दूध, सगळं चाललेलं असतं आणि सकाळ-संध्याकाळ आकडा विचारला जातो. दीड लाखाच्या वर की खाली. एक लाख, ऐंशी हजार, चाळीस हजार. मध्यरात्री दाते शोधणारी पोरं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे.

पण या आकड्याने आपल्या सगळ्यांच्या मनात एक समज पक्का केलाय. कमी म्हणजे वाईट, जास्त म्हणजे चांगलं. आणि प्लेटलेट करणारी पेशी कशी आहे, हे कुणी विचारत नाही.

पलूसकडच्या एक काकू आल्या होत्या. प्लेटलेट ११ लाख. त्यांच्या दिराचा चेहरा उजळलेला. “मॅडम, आमच्या पोराच्या डेंग्यूत वीस हजारावर आल्या हुत्या, हिच्या बघा की!” काकू मात्र बाकावर चपला काढून फरशीवर तळवे टेकवून बसल्या होत्या. “पाय इस्तवावानी पेटत्यात बाई. रात्री बादलीत घालून बसते.” तळवे लालबुंद. त्यांना एसेन्शियल थ्रोम्बोसायथेमिया होता. पेशीला ‘वाढ’ असं सांगणारी जी यंत्रणा असते तिच्यात एका ठिकाणी एक अक्षर बदललेलं असतं, ती सतत चालूच राहते, आणि मेगॅकॅरिओसाइट गरज नसताना वाढत राहतात. जॅक-२ जनुकातला हा बदल २००५ साली सापडला. निम्म्याहून अधिक रुग्णांत तो असतो. पुष्कळ उरलेल्यांतलं कोडं २०१३ साली सुटलं, कॅलरेटिक्युलिन नावाच्या दुसऱ्या जनुकात. वाढलेल्या प्लेटलेट पायांच्या बारीक वाहिन्यांत चिकटतात, म्हणून आग. काकूंना अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी सुरू झाली आणि चार दिवसांत बादली सुटली. पुढे प्लेटलेट कमी करणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळी लागली ती वेगळी. या आजारात माणसं वर्षानुवर्षं चांगली जगतात.

आता इथेच माझ्या कामाची खरी अडचण आहे. दुसरा एक आजार आहे, मायलोफायब्रोसिस. त्याच्या पहिल्या अवस्थेत प्लेटलेट अशाच ९ लाख, १० लाख असू शकतात. जनुकातला बदलही तोच असू शकतो. आकड्यावरून दोघांत फरक करता येत नाही. तो करायचा तर पेशीचा चेहरा बघावा लागतो. काकूंच्या मज्जेत पेशी मोठ्या, सुट्या सुट्या विखुरलेल्या, केंद्रकाला सांबराच्या शिंगांसारखे भरपूर फाटे. दुसऱ्या आजारात त्या एकमेकींना चिकटून घोळक्याने बसतात, केंद्रकं गडद, फुगीर, पावसाळी ढगासारखी, फाट्यांचा पत्ता नाही. आणि अशा बिघडलेल्या पेशी आजूबाजूला असे काही स्राव सोडतात की शेजारच्या साध्यासुध्या पेशी धागे विणायला लागतात. त्या शेजारणींचा काही दोष नसतो, त्या नुसत्या सांगितल्याबरहुकूम विणतात. चांदीच्या रंगाने काच रंगवली की ते धागे काळे उठून दिसतात, आधी केसासारखे, मग सुतळीसारखे. वर्षं जातात तशी मज्जा त्या जाळ्यात आवळली जाते. सुई घातली तर सिरिंजमध्ये थेंब येत नाही. आम्ही त्याला ‘ड्राय टॅप’ म्हणतो. रक्त बनवायला जागा उरली नाही की ते काम प्लीहा आणि यकृत अंगावर घेतात, आणि प्लीहा वाढत वाढत बेंबीपर्यंत उतरते. २०११ पासून जॅकला आवर घालणारं औषध मिळतं, त्याने प्लीहा लहान होते, घाम-ताप कमी होतात. पण विणलेलं जाळं सहसा उसवत नाही.

उलटही असतं. प्लेटलेट अगदी १० हजार आणि मज्जा बघावी तर मेगॅकॅरिओसाइट भरपूर, धडधाकट. करणारीचं काही चुकलेलं नाही, बाहेर शरीराच्याच प्रतिपिंडांनी लेकरांना मारायला घेतलंय. १९५० साली अमेरिकेत सेंट लुईसला हॅरिंग्टन नावाच्या तरुण डॉक्टरने अशा एका रुग्णाचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. काही तासांत त्याच्या प्लेटलेट जवळपास नाहीशा झाल्या, त्याला आकडी आली. काही दिवसांनी तो बरा झाला. रुग्णाच्या रक्तात काहीतरी मारक आहे हे त्याने असं दाखवलं. आज असं कुणी करू नये आणि कुणी करू देणारही नाही. पण तो प्रसंग वाचताना माझ्या अंगावर काटा येतो, आणि त्याच्याबद्दल मला माया वाटते.

तर ती चूक.

माझ्या नोकरीचं सातवं-आठवं वर्ष असेल. एकाहत्तर वर्षांच्या आजी, मिरज तालुक्यातल्या. हिमोग्लोबिन ६.८. तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या. सात महिने बी-१२ची इंजेक्शनं झाली होती आणि हिमोग्लोबिन तसूभरही हललं नव्हतं, म्हणून मज्जा तपासायला पाठवलं. मीच काढली. आजी कुशीवर, गुडघे पोटाशी. मुलगा विचारत होता, “पाठीतलं पाणी काढणार का?” बरेच लोक तसं समजतात. मी त्याला म्हटलं, मटणाच्या नळीत गर असतो ना, तसा हाडातला गर. आजींना ते लगेच पटलं. फक्त मोठ्या माणसाच्या हातापायांच्या नळ्यांत बहुतेक चरबीच उरते. रक्त करणारी लाल मज्जा कमरेच्या हाडात, मणक्यांत, छातीच्या हाडात राहते, म्हणून सुई कमरेत. भूल कातडीला आणि हाडावरच्या पडद्याला लागते. पण सिरिंज मागे ओढताना आतून जी ओढ बसते तिला भूल नाही. ती चार-पाच सेकंदांची असते आणि त्या सेकंदांत प्रत्येक माणूस श्वास धरतो. आजींनी माझ्या सिस्टरचं मनगट धरलं होतं. मज्जा आली, काचेवर तुपात रवा पडावा तशी, कणीदार. गोठायच्या आत काचा ओढायच्या असतात. ओढल्या. सगळं अगदी नीट झालं.

संध्याकाळी काचा बघायला बसले. डेंग्यूचाच मोसम होता, टेबलावर रिपोर्टांची चळत होती. आजींची काच लावली, दहाचं भिंग फिरवलं. मेगॅकॅरिओसाइट होत्या. बऱ्याच होत्या. मी त्या मोजल्या नाहीत, जवळ जाऊन बघितल्या नाहीत. आमचे रिपोर्ट इंग्रजीत असतात आणि त्यात या पेशीसाठी एक ठरलेली ओळ असते: ‘मेगॅकॅरिओसाइट्स: अ‍ॅडिक्वेट’. पुरेशा. कॉम्प्युटरवर ती आधीच भरलेली येते, खोडायची असली तरच हात लावायचा. मी हात लावला नाही.

एक खूण तर रक्ताच्या रिपोर्टातच होती. बी-१२ खूप कमी असलं तर प्लेटलेटही बहुतेक खाली येतात. आजींच्या ५ लाखांच्या वर होत्या. आकडा वाचून मला बरंच वाटलं होतं. ‘चला, निदान प्लेटलेट तरी चांगल्या आहेत.’ पलूसच्या त्या दिरात आणि माझ्यात त्या संध्याकाळी काय फरक होता?

चौदा महिन्यांनी आजी परत आल्या. मधल्या काळात दर तीन आठवड्यांना रक्ताची पिशवी. एका पिशवीतून दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि बाहेर टाकायची वाट शरीराकडे नाही, ते यकृतात, हृदयात साठत जातं. आजींचा रंग मातकट झाला होता. पुन्हा मज्जा काढली. या वेळी दिवस रिकामा होता. दहाच्या भिंगाखाली पेशी दिसल्या, चाळीसवर गेले, आणि हात थांबला. केंद्रकं गोल होती. एक नाही, दोन नाही, सगळी. फाटा नाही, खाच नाही. हळकुंडं मोडून घेतल्यावर टोपलीत पडलेले नुसते जेठे गड्डे. पेशीही लहानच, वाढ अर्ध्यात सोडलेली.

मग मी कपाटातून चौदा महिन्यांपूर्वीची काच काढली. तेव्हाही तसंच होतं. तेच गोल गड्डे, त्याच लहान पेशी. माझी सही त्या रिपोर्टवर.

गुणसूत्रांची तपासणी मुंबईला पाठवली. तिला वेळ लागतो, जिवंत पेशी वाढवून त्या दुभंगताना पकडाव्या लागतात. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पाचव्या गुणसूत्राच्या लांब बाहूचा एक तुकडा गळालेला. हे दुखणं बेल्जियममध्ये व्हान डेन बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली वर्णन केलेलं आहे: वयस्कर माणूस, बहुधा बाई, मोठ्या तांबड्या पेशींचा पंडुरोग, प्लेटलेट नेहमीइतक्या किंवा जास्त, आणि एकाच गोल केंद्रकाच्या मेगॅकॅरिओसाइट. म्हणजे मी विद्यार्थिनी असताना परीक्षेत लिहिलेलं उत्तर जसंच्या तसं माझ्यासमोर बाकावर बसलेलं होतं. त्या गळालेल्या तुकड्यावर प्रथिनं घडवणाऱ्या यंत्राचा एक भाग बनवणारं जनुक असतं, आरपीएस-१४. ते निम्मंच उरलं की तांबड्या पेशी घडता घडता मरतात. २००८ साली हे कळलं. आणि औषध त्याआधीच आलं होतं, लेनालिडोमाइड, अमेरिकेत २००५ पासून. या विशिष्ट आजारात तीनातल्या दोघांचं रक्त चढवणं त्याने थांबतं.

ते औषध चौदा महिने आधी सुरू होऊ शकलं असतं.

मी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करून जुन्या काचेबद्दल सांगितलं, आणि सुधारलेला रिपोर्ट लिहून दिला. मग आजींना आणि त्यांच्या मुलाला समोर बसवून सांगितलं. माझ्याकडून बघायचं राहिलं, असं. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हंजे त्या समद्या पिशव्या फुकट?” मी म्हटलं, फुकट नाहीत, त्यांनी आई जगली, पण पुष्कळशा टळल्या असत्या. त्याने मान खाली घातली. त्याने आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. आजी म्हणाल्या, “आता घावलं न्हवं? मग झालं.”

त्यांच्या दृष्टीने झालं असेल.

गोळीने पहिल्या महिन्यात प्लेटलेट ऐंशी हजारांवर आणल्या, थोडे दिवस औषध थांबवावं लागलं. दर आठवड्याला रक्त तपासायला आजी यायच्या आणि मी स्वतः काच बघायचे. चौथ्या महिन्यात शेवटची पिशवी. सहाव्या महिन्यात हिमोग्लोबिन ११. पुढे साडेपाच वर्षं आजी जगल्या, त्यातली बहुतेक रक्ताशिवाय. एका संक्रांतीला त्यांनी माझ्यासाठी घरच्या हळदीची पिशवी पाठवली. मी ती कितीतरी दिवस उघडली नाही.

त्या वर्षापासून माझ्या कॉम्प्युटरवरची ती ओळ रिकामी येते. रोज ती हाताने लिहावी लागते. मी किमान तीस मेगॅकॅरिओसाइट मोजते. पेशीत बिघाड आहे का हे ठरवायला निदान तेवढ्या बघाव्यात, असं मार्गदर्शक तत्त्वांतच आहे. मी काही नवीन करत नाही. वहीत तीस रेघा ओढते. फाटे आहेत, नाहीत, तुकडे सुटे झालेत, पेशी लहान राहिली. कधी एखाद्या पेशीच्या पोटात दोन-तीन पांढऱ्या पेशी आरामात फिरताना दिसतात, शिकार म्हणून नव्हे, पाहुण्या म्हणून आत शिरलेल्या आणि तशाच सुखरूप बाहेर पडणाऱ्या. तेही लिहिते. तीस पेशी बघायला काचेनुसार दहा मिनिटं लागतात, मज्जा विरळ असली तर अर्धा तास. जोडीला दोन-तीन काचा जास्त. लॅबमध्ये सगळ्यांना माझा हा उशीर माहीत आहे.

आजींची पहिली काच मी टाकलेली नाही. नाव काढून, नुसता नंबर ठेवून ती माझ्या खणात आहे. इतक्या वर्षांत रंग थोडा फिका झालाय, पण केंद्रकं दिसतात. नवीन विद्यार्थी आले की पहिल्या आठवड्यात मी ती काच देते आणि काही न सांगता शेजारी बसते. गेल्या महिन्यात लातूरहून एक मुलगी आली आहे. तिने दहाचं भिंग लावलं, भराभर काच फिरवली आणि म्हणाली, “मेगॅकॅरिओसाइट अ‍ॅडिक्वेट आहेत, मॅडम.”

मी तिच्यापुढे वही सरकवली. तीस रेघा ओढ म्हटलं.

तिने पेन उघडलं. सातव्या-आठव्या रेघेला तिचा हात मंदावला. बाराव्याला तिने चाळीसचं भिंग फिरवून घेतलं. मग तिने डोळे भिंगावरून न उचलता विचारलं, “मॅडम, ह्या सगळ्या एकसारख्या का दिसतायत?”

मी खुर्ची तिच्या जवळ ओढली.